एका बोचक्यात मावणारे दहा दिवस

गेल्या वर्षीचा विसावा रोजा. असरची नमाज नुकतीच झाली होती आणि पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवयांच्या गाड्या, खजुराचे ढीग, बांगड्यांचे स्टॉल, चपलांची रांग, आणि या सगळ्यातून वाट काढत हॉर्न वाजवणाऱ्या दुचाक्या. पेठेच्या तोंडाशी असलेल्या कापड दुकानातही गिऱ्हाईक दाटलं होतं. अशा ऐन वेळी दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठले, किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या हातात दिला, पायाशी ठेवलेलं बोचकं काखेत मारलं आणि मशिदीच्या दिशेने चालू लागले. पुढचे दहा दिवस ते दुकानात येणार नव्हते. घरीही येणार नव्हते.

बोचक्यात काय होतं? एक चादर, एक उशी, दोन जोड कपडे, टॉवेल, मिसवाक, पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास, वाचायचा चष्मा, तसबीह, कुरआनच्या उर्दू तर्जुम्याची जुनी प्रत आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं. दुकानात हजार तागे असलेला माणूस दोन जोड कपड्यांवर दहा दिवस काढायला निघाला होता. रस्त्यात भेटलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलंही, “चाचा, गावाला निघालात की काय?”

याला एतेकाफ म्हणतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत मुक्काम करायचा. विसाव्या रोजाच्या सूर्यास्ताआधी आत जायचं आणि ईदचा चाँद दिसल्यावरच बाहेर पडायचं. नैसर्गिक विधी आणि वजू यांसाठी तेवढं उठायचं, बाकी सगळा वेळ आतच. मशिदीच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून चादरीचा पडदा करतात. त्याच्या आड जेवढी जागा मिळते तेवढंच त्या दहा दिवसांचं घर. हजरत पैगंबर दरवर्षी हे करत. हनफी फिकहनुसार मोहल्ल्यातला एक जण जरी बसला, तरी साऱ्या मोहल्ल्याच्या वतीने ही सुन्नत अदा होते. कोणीच बसलं नाही, तर त्याची जबाबदारी साऱ्यांवर येते. त्यामुळे अनेक मोहल्ल्यांत काय होतं, तर निवृत्त झालेले एक-दोन बुजुर्ग दरवर्षी बसतात आणि बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकून बाजाराला लागतात.

हे दुकानदारही वीस वर्षं त्या बाकीच्यांतलेच होते. कापडाच्या धंद्याचं गणितच तसं आहे. हिंदू गिऱ्हाइकाची खरेदी दिवाळी आणि लग्नसराईत होते, मुसलमान गिऱ्हाइकाची रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या दोन मोसमांतून येतो. म्हणून तरावीहसुद्धा ते लवकर आटोपणारी शोधत. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की तरावीह म्हणजे रमजानमध्ये रात्री इशानंतर पढली जाणारी जादा नमाज. तीत महिनाभरात संपूर्ण कुरआन ऐकवलं जातं. तीस पारे साधारण सत्तावीस रात्रींत विभागले, तर रोज एका पाऱ्याहून थोडं जास्त होतं आणि ऐकणाऱ्याला शब्द कानात घ्यायला सवड मिळते. पण व्यापारी पेठांमधून दहा दिवसांची तरावीह ठेवतात, रोज तीन पारे. काही ठिकाणी सहा दिवसांची. हाफिजसाहेब घोड्यावर स्वार झाल्यासारखे पढतात आणि अकराव्या दिवसापासून माणूस दुकानाला मोकळा. यात गैर काही नाही, मजबुरी असते. पण इबादतसुद्धा उरकायची गोष्ट झाली, एवढं तरी कबूल करायला हवं.

हा माणूस एकदम का बदलला, याची सुरुवात मशिदीत नाही. ती त्याच्या स्वयंपाकघरात आहे.

कढईपाशी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात माणसं सहा. नवरा-बायको, मुलगा-सून, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि दुकानदारांची वृद्ध आई. इफ्तारच्या दस्तरखानावर रोज काय असायचं त्याची यादी मुलीने नंतर एकदा सांगितली : खजूर, फळांची चाट, कांदाभजी, बटाटाभजी, समोसे, चिकन रोल, दहीवडे, चना, रूहअफजा आणि त्यावर कुणी दिलंच तर हलीम. हे झाल्यावर मगरिबची नमाज आणि तासाभराने जेवण. जेवणात परत सालन, रोटी, पुलाव. पंधरा किलोचा तेलाचा डबा एरवी त्या घरात तीन महिने जाई, रमजानमध्ये तो महिन्यात तळ दाखवी. रोजा म्हणजे उपास. आणि उपासाच्या महिन्यात किराण्याचं बिल दुप्पट. हिशेबाला पक्क्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण घरातल्या खर्चाकडे दुकानदाराची नजर क्वचितच जाते.

सतराव्या रोजाला, इफ्तारला अर्धा तास असताना, घरच्या बाईला कढईपाशी चक्कर आली. पहाटे पावणेचारला सहेरीसाठी उठलेली, दुपारी तीनपासून गॅससमोर उभी आणि पोटात तेरा तासांत पाण्याचा थेंब नाही. झाऱ्यातलं तेल मनगटावर उडालं. जखम फार नव्हती. सुनेने हात नळाखाली धरला, मुलीने गॅस बंद केला. पीठ भिजवलेलं तसंच राहिलं. अजान झाली तेव्हा दस्तरखानावर खजूर, पाणी, केळी आणि सकाळची उरलेली खिचडी एवढंच होतं.

सगळ्यांनी ते खाल्लं. कुणी उपाशी राहिलं नाही. उलट त्या रात्री तरावीहला दुकानदारांना पहिल्यांदाच जांभया आल्या नाहीत. घरी परत आले तेव्हा बायको मनगटाला बरनॉल लावून बसली होती. ती एकच वाक्य बोलली, “रमजान तुमचा असतो, माझी फक्त भट्टी असते.”

या वाक्यात तक्रारीपेक्षा हिशेब जास्त होता. तिने नंतर तो मांडलाही. महिन्याभरात कुरआन एकदा पूर्ण वाचावं ही तिची लग्नाआधीपासूनची रीत. गेल्या सहा-सात वर्षांत एकदाही पूर्ण झालं नव्हतं. असर ते मगरिब हा दुआ मागण्याचा, शांत बसण्याचा वेळ मानतात. तो तिचा तळण्यात जाई. घरातले पुरुष त्या वेळी मशिदीत पंख्याखाली बसलेले असत आणि सबुरीवर बयान ऐकत.

रमजानचे रोजे फर्ज झाले ते हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, मदिन्यात. त्या काळच्या मदिन्यातला इफ्तार काय होता, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. ओले खजूर असले तर ते, नसले तर सुके, तेही नसले तर पाण्याचे काही घोट. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. दोन-दोन महिने घरात चूल पेटत नसे आणि गुजराण खजूर-पाण्यावर होई. स्वतःची चप्पल सांधणं, कपड्याला ठिगळ लावणं ही कामं पैगंबर स्वतः करत. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही वाटणीही हदीसमधलीच. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, ही ताकीद तर कुरआनात स्पष्ट आहे. हे सारं दर शुक्रवारी मिंबरवरून सांगितलं जातं, ऐकणारे मान डोलावतात आणि परतताना समोशांची पुडी घेऊन घरी जातात.

मराठीत यावर एक नामी म्हण आहे : एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, वरईचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू यांनी पोट तुडुंब भरून ‘आज उपास आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडे बघून ज्याने ही म्हण केली, त्याने रमजानच्या संध्याकाळी एखाद्या खाऊगल्लीतून फेरी मारली असती तर आणखी एक म्हण केली असती. उपास कोणत्याही धर्माचा असो, माणूस त्याला हळूहळू जेवणाचं निमित्त करून टाकतो. या बाबतीत या गावातल्या दोन्ही गल्ल्या सख्ख्या बहिणी आहेत.

काय कमी केलं, काय नाही

त्या वर्षीच्या ईदनंतर घरात ठरलं, पुढच्या रमजानला कढई आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी चढेल. बाकीचे दिवस खजूर, एक फळ, भिजवलेले चणे किंवा मूग आणि लिंबूपाणी. नमाजनंतर एकच जेवण, रोजच्यासारखं. ऐकायला सोपं वाटतं. पहिला आठवडा सगळ्यांना जड गेला. आई, म्हणजे घरातली दादी, रुसून बसली. तिच्या मते भज्याशिवाय इफ्तार म्हणजे हळदीशिवाय लग्न. तिच्यासाठी दोन भजी वेगळी तळावीत का, यावर सासू-सुनेत गंभीर चर्चा झाली आणि तळली गेली. साधेपणाचा नियम ऐंशी वर्षांच्या बाईवर लादण्यात काही शहाणपण नाही.

मग एकेक गोष्ट आपोआप मागे आली. तळण नाही म्हणून असरनंतर घर शांत झालं. सून आणि मुलगी फळं चिरत, आणि घरची बाई आतल्या खोलीत मुसल्ल्यावर बसे. तो तास-दीड तास दार लोटलेलं असे. हनफी रीतीनुसार बायकांनी घरातल्याच नमाजच्या जागी एतेकाफ करावा. दहा दिवस सलग बसणं जमत नसेल, तर नफिल एतेकाफची नियत थोड्या वेळासाठीही करता येते. तिने तीच केली. पंचविसाव्या रोजाला तिचं कुरआन पूर्ण झालं. त्या दिवशी कुणी पेढे आणले नाहीत. तिने फक्त सुनेला हाक मारून सांगितलं, “झालं गं माझं.”

वजूच्या पाण्याचाही बदल त्याच सुमाराचा. हदीसमध्ये पैगंबरांच्या वजूचं पाणी एक मुद्द एवढं सांगितलं आहे. मुद्द हे जुनं माप, दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या हिशेबाने साधारण पाऊण लिटर. घरातल्या बेसिनचा नळ सोडून वजू केलं तर किती जातं हे मुलीने एकदा खाली बादली ठेवून पाहिलं. अर्धी बादली भरली होती. दादीच्या काळचा तोटीचा लोटा माळ्यावरून खाली आला. लोट्याने वजू करायला वेळ अंमळ जास्त लागतो, एका हाताने ओतावं लागतं. वाहत्या नळाखाली हात घाईने फिरतो, लोट्याने तो नीट फिरतो, एवढाच फरक. पण उन्हाळ्यात ज्या गावात दोन दिवसांआड पाणी येतं, तिथे तो छोटा नाही.

फोनचं मात्र इतकं सहज झालं नाही. इफ्तारचे फोटो, चाँदच्या अफवा, सहेरीच्या वेळेचे फॉरवर्ड आणि मध्येच दुकानाच्या नव्या मालाचे व्हिडिओ. घरात असा ठराव झाला की मगरिब ते तरावीह संपेपर्यंत सगळे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात राहतील. तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी डब्यातून घणघण सुरू झाली आणि मुलाने झाकण उघडलं. घाऊक व्यापाऱ्याचा फोन होता. ठराव तिथेच संपला. आता फक्त दुकानदारांचा फोन डब्यात जातो, तोही साधा बटणांचा आहे.

कमी करताना एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. शेजारी वीस वर्षांपासून एक ब्राह्मण कुटुंब राहतं. रमजानमध्ये एकदा-दोनदा या घरातून झाकलेलं ताट तिकडे जाई. भजी, दहीवडे, फळं, सगळं शाकाहारी आणि वेगळ्या कढईतलं. दिवाळीला तिकडून फराळाचा डबा येई. गेल्या वर्षी तळणच नाही म्हणून ताटही गेलं नाही. पंधरा रोजे उलटल्यावर शेजारच्या काकू दारात आल्या, आत न येता उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “भाभी, आमचं काही चुकलं का?”

घरात सगळे ओशाळले. आपण घरातला पसारा कमी करतोय आणि बरोबर शेजारही कमी करतोय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताट गेलं. त्यात खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि घरी केलेली गव्हाची खीर. काकूंनी रिकामं ताट परत पाठवलं नाही, त्यात मूठभर शेंगदाण्याची चिक्की घातली होती. त्यानंतर घरचा नियम थोडा बदलला. स्वतःसाठी कमी करायचं, दुसऱ्याला द्यायचं ते नाही.

हाच नियम दुसरीकडेही लागू पडला. किराण्याचे जे पैसे वाचले त्यांचं काय करायचं? जकात तर वेगळीच आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के ती द्यावीच लागते, आणि दुकानातल्या विक्रीच्या मालाचाही हिशेब त्यात धरतात. फितरा वेगळा. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, तान्ह्या मुलाचीसुद्धा. पण हे वाचलेले पैसे या दोन्हींत मोडत नव्हते. त्यातून मार्केट यार्डातल्या काही हमालांच्या घरी किराण्याचे संच द्यायचं ठरलं. मुलाने यादी केली : गहू, तांदूळ, डाळ, साखर, चहा, खजूर. तेल अर्धा लिटर. बेसन नाही. कारण साधेपणा!

यादी वाचून आईने पेन मागून घेतलं. तेल दोन लिटर केलं आणि बेसन दोन किलो लिहिलं. “आपण भजी खाऊन कंटाळलो म्हणून सोडली,” ती म्हणाली. “त्यांना अजून खायचीत.”

मिनिमलिझमवर आजकाल जे बोललं-लिहिलं जातं त्यात ही गोष्ट फारशी येत नाही. मोकळ्या भिंती, मोजके कपडे, एकच सुंदर मातीचं भांडं हे चित्र ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्यासाठीच मोहक असतं. हमालाच्या पत्र्याच्या खोलीतही भिंती मोकळ्याच असतात आणि भांडी मोजकीच. त्याला कुणी जीवनशैली म्हणत नाही. सोडण्याचा आनंद घ्यायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. म्हणून इस्लाममध्ये सादगीची चर्चा जकातीपासून तोडून करता येत नाही. कपाट रिकामं केलं तर त्यातलं कुठे गेलं, हा पुढचा प्रश्न येतोच.

या देशात साधेपणा आवडीने पत्करलेली माणसं कमी झाली नाहीत. महाराष्ट्राला गाडगेबाबा ठाऊक आहेत, हातात खराटा आणि गाडगं. वर्ध्याजवळच्या सेगावात 1936 साली गांधीजी राहायला आले, ते गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथली बापूकुटी, मातीच्या भिंती आणि कौलांची, आजही बघता येते. त्यांच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रह होताच, शिवाय अस्वाद, म्हणजे जिभेवरचा ताबा, हे वेगळं व्रत होतं. साठा सोडणं एक आणि चव सोडणं दुसरं, हा फरक ज्याने रोजा धरला त्याला लगेच कळतो.

मुस्लिम समाजात या संदर्भात हसरत मोहानींचं नाव घ्यायला हवं. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा देणारे, 1921 साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडणारे आणि ‘निकाह’ चित्रपटात गुलाम अलींच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या गझलेचे शायर. लोकमान्य टिळकांना ते राजकारणातले गुरू मानत आणि 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, तिथे जात्यावर दळण दळलं. पुढे घटना समितीचे सदस्य झाले, तरी त्यांचा प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने होत असे. दिल्लीत सरकारी निवास न घेता ते मशिदीत उतरत, असं सांगितलं जातं. 1951 साली लखनौला ते वारले. हे सगळे जण त्यांच्याबद्दल सांगतात. फारसं सांगितलं जात नाही ते त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम यांच्याबद्दल. हसरत तुरुंगात असताना घर, छपाईची कामं आणि स्वदेशी मालाचं दुकान यांचा भार त्यांनी उचलला. फकिरी एकाची असते, पण तिचा संसार बहुधा दुसऱ्याच कुणाला तरी चालवावा लागतो.

पडद्याच्या आड आणि बाहेर

कापड दुकानदाराच्या घरातही खरी वादावादी इथेच झाली. इफ्तार कमी केला, फोन डब्यात गेला, इथपर्यंत मुलाची हरकत नव्हती. पण गेल्या वर्षी वडिलांनी एतेकाफला बसायचं बोलून दाखवलं तेव्हा तो चिडला. “अब्बा, वर्षातले हेच दहा दिवस सापडले तुम्हाला?”

“एतेकाफचे दहा दिवस हेच असतात बेटा.”

“आणि धंद्याचेही हेच असतात.”

दोघांचंही बरोबर होतं. मुलाचा आणखी एक मुद्दा होता, त्याला उत्तर देणं सोपं नाही. लोकांनी साधं राहावं, दोन जोड कपड्यांत भागवावं, असं वडील आता बोलतात. ते खरं मानून पेठेतली माणसं खरोखरच ईदला नवे कपडे घ्यायची थांबली, तर या घराची चूल कशावर पेटणार? यंत्रमागावर कापड विणणारे, ते रंगवणारे, शिवणारे, सगळे याच मोसमाची वाट बघत असतात. रमजानभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवणाऱ्या शिंप्याला साधेपणाचं कौतुक कसं सांगायचं? वडील यावर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, की ईदला नवा किंवा असेल त्यातला उत्तम कपडा घालणं हा रिवाजच आहे, तो ते मोडायला सांगत नाहीत. पण एकेका पोराला चार-चार ड्रेस उधारीवर घेऊन जाणारं गिऱ्हाईक बघितलं की आता हात अडखळतो.

ते मशिदीत गेले आणि पेठेत कुजबुज सुरू झाली. मोसमात मालक दुकानात नाही. घरी इफ्तारची पार्टी नाही. मुलीच्या लग्नाचं वय झालंय, आणि ईदला घरात नवं फर्निचर नाही, रंग नाही. याचा अर्थ काय? छोट्या गावात साधेपणा दिसला की लोक आधी तंगी समजतात. पंचविसाव्या रोजाला एका घाऊक व्यापाऱ्याने मुलाला फोन करून मागची बाकी लगेच भागवायला सांगितलं. एरवी तो ईदनंतर पंधरा दिवस थांबत असे. बाजारात पत असते ती दिसण्यावर. जो माणूस दणक्यात खर्च करतो त्याला उधार मिळतं, जो हात आखडतो त्याच्याकडे वसुली लागते. गणित उलटं आहे, पण चालतं असंच.

मुलगा त्या रात्री तरावीहनंतर मशिदीत आला. पडद्याबाहेर उकिडवा बसला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. एतेकाफमध्ये सौदा करणं, माल आणून दाखवणं बरं नव्हे. पण बाप-मुलाने दोन शब्द बोलायला मनाई नाही. वडिलांनी ऐकून घेतलं. काही क्षण तसबीहचे मणी फिरत राहिले.

“गल्ल्यात किती आहेत?”

मुलाने आकडा सांगितला.

“मग देऊन टाक.”

“नवा माल कशाने उचलायचा?”

“तू ठरव. मला इथून दिसत नाही.”

मुलाला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं, आणि थोडं ते होतंच. तो रागातच उठला. पण दुसऱ्या दिवशी त्याने बाकी भागवली, नवा माल कमी उचलला आणि जो होता त्यातच मोसम काढला. शेवटच्या तीन रात्री शटर दोनच्या आत उतरलं नाही. सहेरीला तो कपडे न बदलताच जेवायला बसे. त्याची बायको जागी असे, आणि कामाचा तो सगळा भार पाहून सासूने एकदा सुनेला म्हटलं, “तुझ्या सासऱ्यांचा एतेकाफ खरं तर हा करतोय.” हे वाक्य चाँदरातीला घरी आलेल्या दुकानदारांच्या कानावर गेलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

दहा दिवसांत त्यांना काय मिळालं, हे ते नीट सांगू शकत नाहीत. पहिले दोन दिवस हात सारखे खिशाकडे जात, फोनसाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी आपण काहीही करत नाही आहोत, हे जाणवून त्यांना घाबरल्यासारखं झालं. मग हळूहळू आवाज ऐकू येऊ लागले. हौदातल्या पाण्याचा, कबुतरांचा, पहाटे झाडू मारणाऱ्या मुअज्जिनचा. वीस वर्षं याच मशिदीत पाच वेळा येऊन त्यांनी ते ऐकले नव्हते. तर्जुमा वाचताना एका पानावर तासभर गेला तरी चालत होतं. भूक ठरल्या वेळी लागत होती, झोप ठरल्या वेळी येत होती. बोचक्यातला दुसरा जोड त्यांनी सात दिवसांनी काढला.

त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली. शेजारच्या पडद्याआड एक रिक्षाचालक बसला होता. त्याने दहा दिवस बसायचं म्हणून आधीचे दोन महिने रात्रपाळी करून पैसे साठवले होते. त्याचं बोचकं दुकानदारांपेक्षाही लहान होतं. उशी आणलीच नव्हती, कपड्यांचीच घडी डोक्याखाली घेई. दुकानदारांनी आपली उशी देऊ केली. त्याने ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. म्हणाला, सवय नाही, मान दुखते.

ईद झाली. दुकानाचा हिशेब लागला. मोसम आदल्या वर्षीपेक्षा हलका गेला होता, पण डोक्यावर बाकी नव्हती. बाप-लेकात त्यावरून पुन्हा वाद झाला. मुलाच्या मते वडील असते तर आणखी माल उठला असता. वडिलांच्या मते उठलाही असता आणि निम्मा उधारीत गेला असता. दोघांच्याही बाजूने बोलणारे गावात मिळतील.

एका बाबतीत मात्र त्या घरात कुणी कपातीचं नाव काढलं नाही. ईदच्या सकाळचा शीरखुर्मा. दुधाची मोठी देग, खारीक, चारोळी, बदाम, साजूक तुपात परतलेल्या शेवया, सगळं पूर्वीइतकंच. काकूंच्या घरी त्याची किटली सर्वांत आधी गेली.

यंदाचा रमजान सुरू होऊन पंधरा दिवस झाले. कढई शुक्रवारीच चढते. दादीची दोन भजी चालू आहेत. दुकानदार दहा दिवसांची तरावीह सोडून गल्लीतल्या छोट्या मशिदीत जातात, तिथे तरुण हाफिज सावकाश पढतो. जाता-येता पायीच. एतेकाफचं यंदा काय, यावर घरात अजून निर्णय नाही. मुलाने स्पष्ट हो म्हटलेलं नाही. त्याचं म्हणणं, अब्बांनी यंदा दुकान बघावं, हवं तर शेवटच्या तीन रात्री नफिल एतेकाफ करावा. वडिलांचं म्हणणं, मोहल्ल्यात गेल्या वर्षी बसलेले दोघे बुजुर्ग आता नाहीत, आणि कुणीच बसलं नाही तर त्याचा जाब सगळ्यांना द्यावा लागेल. तो रिक्षाचालक यंदा बसणार की नाही, याची त्यांनी दोनदा चौकशी केली आहे. त्याच्या मुलीची परीक्षा आहे, त्याचंही नक्की नाही.

या चर्चा चालू असताना घरच्या बाईने आतल्या खोलीतलं शिलाई मशीन दिवाणखान्यात हलवलं, रिकाम्या कोपऱ्यात भिंतीपासून खिडकीपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर धुतलेली चादर टाकली. स्वयंपाक दहा दिवस कोण करणार, असं मुलीने विचारलं. “तुम्ही पाच जण आहात ना,” तिने उत्तर दिलं आणि लोटा भरायला गेली.